मुक्या वस्तूंचें बोलणें



चित्रपटांतील पात्रें बोलतात, हें आपण ऐकतोंच. परंतु त्यांतील वस्तूही बोलतात, इकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो. पडद्यावरील वस्तूला तो भोंवतालच्या प्रसंगांतून आणि प्रेक्षकांच्या संस्कारांतून मिळतो. मराठी चित्रकारांनीं ही भाषा कशी घडविली, याचीं दोन उदाहरणें आज आपणांपुढें ठेवतों.

पहिलें मूकपटाच्या काळचें. १९२५ सालीं बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरास ‘सावकारी पाश’ काढिला. सावकारामुळें जमिनीस मुकलेल्या शेतकऱ्याची ही कथा. त्यांत एक उदास झोपडी आणि तिच्यापाशीं रडणारें कुत्रें, असें दृश्य होतें. चित्रपट मुका, रडण्याचा आवाज येणें शक्यच नव्हतें. परंतु कुत्र्याचें रडणें म्हणजे अशुभ, ही समजूत घरोघरीं होती. त्यामुळें जें कानीं पडलें नाहीं, तें मनास ऐकूं आलें.

त्या चित्रपटांत शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्या तरुणाचें नांव व्ही. शांताराम. पुढें १९३७ सालीं पुण्याच्या ‘प्रभात’ कंपनींत त्यांनीं ‘कुंकू’ दिग्दर्शित केला. दोन्ही कथा नारायण हरी आपटे यांच्याच लेखणींतल्या. जरठ-कुमारी विवाहाचा विषय देवलांच्या ‘शारदा’ नाटकानें १८९९ सालींच रंगभूमीवर आणिला होता. १९२९ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें; वधूवरांच्या वयांतील अंतराविषयीं मात्र तो मूक राहिला. वृद्ध वकील काकासाहेबांशीं फसवून लग्न लावलेली नीरा या उणिवेचाच बळी होय.

शांतारामांनीं येथें पार्श्वसंगीत टाळून नित्याचेच आवाज ठेविले. म्हणून भिंतीवरील जुन्या घड्याळाची टिकटिक ठळक होते, आणि तें घड्याळ म्हणजे काकासाहेबांचें सरत आलेलें आयुष्य, हें कोणी न सांगतां कळतें.

परंतु खरें चिन्ह नांवांतच आहे. शिक्षक असतांना मीं वर्गांत एकदां विचारिलें, “कुंकू कशाचें चिन्ह?” मुलांनीं एका स्वरांत सांगितलें, “सौभाग्याचें.” मागील बांकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, कुणाच्या?” मला उत्तर सुचलें नाहीं. नीराही तेंच विचारते. तिच्या कपाळीं कुंकू आहे. पण पत्नीपण तिला मान्य नाहीं. अखेर आपली चूक उमगून काकासाहेब तिच्या सुटकेसाठीं प्राणत्याग करितात. कुंकू पुसलें जाणें ही जेथें स्त्रीची सर्वांत मोठी आपत्ति, तेथें त्याच घटनेंत तिची मुक्ति पाहण्याची वेळ प्रेक्षकांवर आली.

चिन्ह तेंच राहिलें. अर्थ मात्र पालटला. कायदा जेथें मूक होता, तेथें चिमूटभर कुंकवानें बोलावें, हें या कलेचें सामर्थ्य होय.