कुंचला आणि कातर

वस्त्राची अभिरुची विणकर आणि शिंपी या दोघांच्याच हातांनी घडते असा समज रूढ असला, तरी महाराष्ट्रातील वेशाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहता, त्याला नवे वळण लागले ते बहुधा एका कलेतील कसबी माणसाने दुसऱ्या कलेच्या प्रांतात पाऊल टाकले तेव्हाच. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, आणि राजेरजवाड्यांच्या दालनांपुरती असलेली चित्रांतील वस्त्रप्रावरणे सामान्यांच्या भिंतींवर आली. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी शालू-पैठण्यांचे जे वैभव मिरवले, त्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी लुगडे नेसण्याच्या ढबीपासून केसांतील फुलांपर्यंत केले.

कोल्हापुरात तर चित्रकार आणि पडदा यांचे नाते विशेष निकटचे होते. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनी तेथेच १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट निर्माण केला. त्याच कोल्हापुरात १९२९ साली, चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी भानुमती जन्मल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले, आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रेही झळकली. चित्रकर्त्री म्हणून कीर्तीचा मार्ग त्यांना खुला असताना, उदरनिर्वाहासाठी पत्करलेल्या कामाने त्यांच्या प्रतिभेला निराळे क्षेत्र मिळवून दिले.

हे काम ‘ईव्ह्ज वीकली’ या साप्ताहिकासाठी वेशांची रेखाचित्रे काढण्याचे होते. त्याच्या संपादिकेने बुटिक उघडले आणि कागदावर रेखलेले वेश प्रत्यक्ष कापडात बेतण्याविषयी भानुमतींना सुचविले. मापे घेणारा, कापड कातरणारा मास्तर आणि मानवदेहाचा शास्त्रोक्त अभ्यास केलेली चित्रकर्त्री अशा रीतीने एकत्र आली. तेथे येणाऱ्या कामिनी कौशल आणि नर्गिस यांच्यासारख्या अभिनेत्रींमुळे साप्ताहिकाचे पान, शिवणाचे दुकान आणि चित्रपट यांची सांगड पडली, आणि ‘श्री ४२०’, ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’ यांच्या काळात भानुमतींचे ‘भानू अथैया’ हे नाव हिंदी चित्रसृष्टीत स्थिरावले.

त्यांच्या कामाचे मर्म अभ्यासात होते. १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वस्त्रे आणि अलंकार निरखून वैजयंतीमालेचा वेश सिद्ध केला, उलट १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’त नृत्याच्या गतीत नेसण सुटू नये म्हणून मुमताजची नारिंगी साडी आधीच शिवून, तिला चेन लावून तयार केली, आणि ती धाटणी चित्रपटगृहातून थेट लग्नसमारंभांत पोहोचली. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’त तर वेश हाच कथानकाचा एक प्रवाह होता, कारण बॅरिस्टरच्या सुटाबुटापासून काठेवाडी पोशाखापर्यंत आणि तेथून पंचापर्यंत होणारे परिवर्तन हेच त्या चरित्राचे दृश्य रूप होते. लष्करी गणवेशांचे जाणकार जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले, आणि हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

वेशभूषेसाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराची स्वतंत्र तरतूद मात्र १९८४ च्या चित्रपटांपासून झाली. म्हणजे जगाने दखल घेतल्यानंतरच आपल्या सरकारी दप्तरात या कसबाची नोंद झाली. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी तो पुरस्कार त्यांना लाभला; तथापि आपल्या पश्चात ऑस्करची बाहुली सुरक्षित राहावी म्हणून २०१२ साली ती अमेरिकेतील अकादमीकडेच परत सोपविणे त्यांना इष्ट वाटले, ही गोष्ट आपल्याला विचार करावयास लावणारी आहे.

आज वेशकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकर्ते यांच्या सहकार्याची जी चर्चा होते, तिची परंपरा एवढी जुनी आणि एवढी आपली आहे. वेश झिजतो, फिती विरतात. उरतात ती रेखाटने, मापांच्या वह्या आणि कापडांचे नमुने. तीही समाजेतिहासाची अस्सल साधने मानून, पेशव्यांच्या दप्तराइतक्याच निष्ठेने जतन केली पाहिजेत; कारण आपण कसे दिसू इच्छीत होतो याचा पुरावा अन्य कोणत्याही कागदपत्रांत इतका स्पष्ट सापडणार नाही.