टोकनच्या दुकानात काय ठेवायचं?

बालवाडीच्या भिंतीवर मुलांच्या नावांचा तक्ता असतो आणि नावापुढे चिकटवलेले चमकते स्टार. विशेष मुलांच्या शाळेत हाच प्रकार प्लास्टिकच्या चकत्यांवर चालतो. जागेवर बसून काम पुरं केलं की एक चकती, पाच चकत्या झाल्या की झोपाळा. बी.एड.ची पुस्तकं याला टोकन पद्धत म्हणतात आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या खात्यावर टाकून मोकळी होतात. वागण्यापाठोपाठ हवीशी गोष्ट मिळाली की ते वागणं पुन्हा घडतं, हे तत्त्व स्किनरने प्रयोगांतून पक्कं केलं यात वाद नाही. पण टोकन त्याच्याआधी शंभरहून अधिक वर्षं वापरात होतं, आणि त्या काळात प्रयोगशाळांशी त्याचा काही संबंध नव्हता.

लंडनच्या साउथवर्क भागात जोसेफ लँकेस्टरने १७९८ साली गरीब मुलांसाठी शाळा उघडली. मुलं शेकड्यांनी आणि मास्तर एकटाच. म्हणून हुशार मुलांनी बाकीच्यांना शिकवायचं, ही युक्ती. अँड्र्यू बेल या पाद्र्याने असाच प्रयोग मद्रासमधल्या एग्मोरच्या अनाथालयात आधी केला होता, आणि मूळ कल्पना कोणाची यावर दोघांचे समर्थक पुढे बरीच वर्षं भांडले. हीच पद्धत १८२० च्या दशकात मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीच्या शाळांत आली. लँकेस्टरला छडी नको होती. त्याऐवजी तो चांगल्या कामाला बिल्ले आणि तिकिटं द्यायचा, आणि तिकिटं साठली की खेळणी. हा झाला गोड भाग. त्याच शाळेत खोडकर मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवत आणि त्याला टोपलीत बसवून छताला टांगत, हेही सांगायला हवं. छडी टाकली म्हणजे दया आली असं नसतं.

दुसरं मूळ तुरुंगातलं. ऑस्ट्रेलियापासून हजारभर मैल दूर असलेल्या नॉरफोक बेटावर इंग्रजांनी अट्टल कैद्यांची वसाहत केली होती. फटके आणि साखळदंड हा तिथला रोजचा कारभार. १८४० साली अलेक्झांडर मॅकनॉकी हा निवृत्त स्कॉटिश नौदल अधिकारी तिथला प्रमुख झाला. त्याचं म्हणणं असं की शिक्षा वर्षांत मोजूच नये, ‘मार्कां’त मोजावी. ठरावीक मार्क जमवले की सुटका. काम केलं, नीट वागलं की मार्क मिळायचे आणि आगळीक केली की कापले जायचे. नुसता काळ ढकलला तर कैदी आळस तेवढा शिकतो, मार्क कमवायचे असले तर स्वतःला आवरायला शिकतो, हा त्याचा हिशेब. पुढच्या टप्प्यात कैद्यांचे सहा-सहाचे गट केले, म्हणजे एकाच्या वागण्याचा हिशेब सगळ्यांच्या खात्यात. १८४० च्याच मे महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाला त्याने बेटावरचे दरवाजे उघडून कैद्यांना दिवसभर मोकळं सोडलं, जेवण दिलं, नाटक करू दिलं. संध्याकाळी सगळे निमूट परत आले. सिडनीत आणि लंडनमध्ये मात्र या लाडांवरून गदारोळ झाला आणि १८४४ मध्ये मॅकनॉकीला परत बोलावलं. माझ्या मते टोकनच्या सगळ्या इतिहासात धाडसी माणूस हाच, कारण त्याने आपल्या दुकानात सुटकाच विकायला ठेवली होती.

प्रयोगशाळेत टोकन पोचलं ते १९३० च्या दशकात. येल विद्यापीठाच्या जॉन वुल्फने चिंपांझींना यंत्रात चकती टाकून द्राक्ष मिळवायला शिकवलं. पांढऱ्या चकतीला एक द्राक्ष, निळीला दोन, पितळेच्या चकतीला काहीच नाही. चिंपांझींनी चकत्यांतला फरक ओळखला. शिवाय चकती मिळवण्यासाठी ते वजनदार दांडा उचलत, आणि ती खर्च करायला थोडं थांबावं लागलं तरी सांभाळून ठेवत. १९३६ मध्ये हे छापून आलं तेव्हा माणसांवर कोणी ते लगेच वापरलं नाही.

ते काम तिओदोरो आयलॉनने केलं. मूळचा बोलिव्हियाचा हा मानसशास्त्रज्ञ आधी कॅनडात सस्कॅचेवानच्या मनोरुग्णालयात होता. तिथल्या एका बाईला टॉवेल साठवायची सवय होती. नऊ वर्षं परिचारिका तिच्या खोलीतून टॉवेल काढून नेत आणि ती ते पुन्हा गोळा करी. आयलॉनने काढून नेणं बंद करायला सांगितलं. उलट परिचारिकांनी दिवसातून अनेकदा खोलीत जायचं आणि काही न बोलता तिच्या हातात टॉवेल द्यायचा. पहिल्या आठवड्यात रोज सात, पुढे रोज साठपर्यंत. बाई आधी खूश होती, घड्या घालून रचून ठेवायची. मग वैतागली. टॉवेलांचा आकडा ६२५ वर गेला तेव्हा ती स्वतःच एकेक बाहेर नेऊन ठेवू लागली, आणि नंतर तिच्या खोलीत एखाददुसराच राहू लागला. दर दिवसाचा टॉवेल मोजून लिहिलेला होता म्हणून आज आपल्याला हे कळतं. ‘रुग्ण बरा वाटतो’ असं लिहून भागणाऱ्या काळात ही मोजणी नवी होती.

१९६१ मध्ये आयलॉन आणि नेथन अझरिन यांनी अमेरिकेत इलिनॉयच्या दक्षिणेला, अ‍ॅना गावच्या सरकारी मनोरुग्णालयात स्त्रियांच्या एका वॉर्डात टोकन सुरू केलं. या बायका वर्षानुवर्षं तिथेच होत्या. घरी कोणी नेत नव्हतं आणि वॉर्डात करायला काही नव्हतं. केस विंचरणं, अंथरूण आवरणं, स्वयंपाकघरात किंवा धोबीखान्यात मदत करणं याला टोकन मिळू लागलं. टोकन देऊन कॅन्टीनमधली वस्तू घेता येई, टीव्हीवर आपल्या पसंतीचा कार्यक्रम लावता येई, आवारात फेरफटका मारता येई. मग दोघांनी सगळ्यांत महत्त्वाची तपासणी केली. काही दिवस काम करा किंवा करू नका, टोकन तितकंच देऊन टाकलं. काम जवळजवळ शून्यावर आलं. पुन्हा कामाशी बांधलं, काम पुन्हा पूर्वीइतकं झालं. काही जणींवर मात्र कशाचाच फारसा परिणाम झाला नाही. १९६८ मध्ये दोघांचं पुस्तक आलं आणि ही पद्धत शाळांत, सुधारगृहांत, मतिमंद मुलांच्या संस्थांत झपाट्याने पसरली.

आता अ‍ॅनाच्या दुकानातली यादी जरा पुढे वाचा. टोकन देऊन आपली खोली निवडता येई, पलंगापुढे आडपडदा घेता येई, कोणाबरोबर जेवायचं ते ठरवता येई, पाद्र्याशी किंवा मानसशास्त्रज्ञाशी एकांतात बोलता येई. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काय हवंसं वाटणार? आडपडदाच. पद्धत इतकी चालली त्यात या वंचनेचाही वाटा होता.

अलाबामातल्या ब्राइस मनोरुग्णालयावरून ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ हा खटला झाला, तेव्हा न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी १९७२ मध्ये रुग्णालयांसाठी किमान अटी घालून दिल्या. खासगीपणा, पोटभर सकस जेवण, स्वतःचे कपडे, भेटायला येणारी माणसं, मोकळ्या हवेतला व्यायाम, प्रार्थना हे रुग्णाचे हक्क आहेत. रुग्णालय चालवण्यासाठी रुग्णाकडून काम घ्यायचं तर ते त्याच्या राजीखुशीने आणि किमान वेतन देऊन. सवलती किंवा सुटका अशा कामाशी बांधायची नाही. टोकनच्या दुकानातला अर्धा माल एका निकालाने उठला.

त्याच वर्षी विनेट आणि विंकलर या दोघांनी शाळेतल्या प्रयोगांचा हिशेब मांडला. बहुतेक प्रयोग मुलांनी गप्प बसावं, हलू नये यासाठीच होते. म्हणजे फायदा शिकवणाऱ्याचा. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना आणखी एक गोष्ट दिसली. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी सांगून सोनेरी ताऱ्याचं प्रशस्तिपत्रक दिलं, तर नंतर ती मुलं आपणहून चित्रं कमी काढू लागली. आवडीच्या कामाला स्टार लावू नये, एवढा धडा त्यातून निघतो. टोकन कुचकामी ठरतं असं मात्र त्यातून निघत नाही, जरी लोक तसा अर्थ काढतात.

कारण ज्या गोष्टीची गोडी मुळातच नाही किंवा जी फार अवघड आहे, तिथे टोकन अजूनही उपयोगी पडतं. व्हर्मांटमध्ये स्टीव्हन हिगिन्स यांनी कोकेनच्या आहारी गेलेल्यांना लघवीची तपासणी स्वच्छ आली की व्हाउचर दिलं. पहिलं अडीच डॉलरचं, पुढचं प्रत्येक थोडं मोठं. एकदा चूक झाली की रक्कम पुन्हा अडीचवर. रोख पैसे हातात नाहीत, हवी ती वस्तू संस्थेने आणून द्यायची. १९९४ च्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उपचार पुरे केले, न मिळणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी. या दुकानात रुग्णाच्या हक्काचं काहीच ठेवलेलं नव्हतं. सगळं वरकडीचं.

तुमच्या मुलाच्या वर्गात स्टारचा तक्ता असेल तर पालकसभेत बाईंना विचारा, स्टार कशाबद्दल मिळतो आणि त्याच्या बदल्यात काय मिळतं. त्या यादीत मधली सुट्टी, खेळाचा तास किंवा पाणी प्यायला जाण्याची परवानगी असेल, तर ती तिथून काढायला सांगा. तिथे पेन्सिल, गोष्टीचं पुस्तक, फळा पुसायचा मान यांतलं काहीही चालेल.