आधारस्थित ऑलेफिन मेटाथेसिस उत्प्रेरकांवरील लिगँडचा प्रभाव

ऑलेफिन मेटाथेसिस ही अल्कीन रेणूंमधील कार्बन-कार्बन दुहेरी बंध तुटून त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होणारी रासायनिक अभिक्रिया आहे. तिच्यासाठी सिलिका किंवा ॲल्युमिना या घन आधारांवर बसवलेले टंगस्टन, मॉलिब्डेनम व ऱ्हेनियम हे धातू उत्प्रेरक म्हणून वापरले जातात. धातूच्या अणूला जोडलेल्या अणूंना किंवा अणुगटांना लिगँड म्हणतात. उत्प्रेरकाची क्रियाशीलता व टिकाऊपणा लिगँडवर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

१९६६ मध्ये कॅनडात प्रोपीनपासून एथीन व ब्युटीन मिळवणारा कारखाना सुरू झाला. आज ही अभिक्रिया मुख्यतः उलट दिशेने, प्रोपीन मिळवण्यासाठी वापरतात. त्यासाठीचा सिलिकावरील टंगस्टन ऑक्साइड हा उत्प्रेरक उच्च तापमानाला चालतो. त्यातील धातूच्या अणूंचा लहानसा अंशच क्रियाशील असल्याने लिगँडची रचना निश्चित करणे अवघड जाते.

आधार हाच लिगँड

सिलिका निर्वातात सुमारे ७०० °से. पर्यंत तापवल्यास तिच्यावर एकमेकांपासून दूर असलेले सिलानॉल गट उरतात. धातूच्या संयुगाची त्यांच्याशी अभिक्रिया होऊन एक लिगँड निघून जातो आणि धातू-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी जोडणी तयार होते. अशा रीतीने पृष्ठभागच सिलॉक्सी लिगँड बनतो. धातूची केंद्रे विलग राहिल्याने दोन केंद्रे एकत्र येऊन निष्क्रिय होण्याची शक्यता कमी होते.

क्रियाशीलता

ईव्ह शोव्हँ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या यंत्रणेनुसार धातू-कार्बन दुहेरी बंध व अल्कीन यांच्यापासून तीन कार्बन व एक धातू असलेले चौकोनी वलय तयार होते. ते फुटून नवे अल्कीन मिळते. या क्षेत्रातील कार्यासाठी शोव्हँ, रॉबर्ट ग्रब्ज व रिचर्ड श्रॉक यांना २००५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सिलॉक्सी हा दुर्बल इलेक्ट्रॉनदाता आहे. त्याच्या जोडीला अल्किलसारखा प्रबळ दाता असल्यास धातूभोवतीची रचना असममित होते आणि अल्कीनला धातूपर्यंत पोहोचणे सुलभ होते. मात्र वलय अतिस्थिर झाल्यास ते लवकर फुटत नाही व अभिक्रिया मंदावते.

टिकाऊपणा

अल्किल लिगँडमुळे वेग वाढला, तरी वलयातील हायड्रोजनच्या स्थानांतरासारख्या उपअभिक्रियांमुळे उत्प्रेरक निकामी होऊ शकतो. मॉलिब्डेनमच्या इमिडो उत्प्रेरकांत अल्किलऐवजी पायरोलिल लिगँड वापरल्यास टिकाऊपणा वाढतो. त्यामुळे लिगँडची निवड करताना केवळ वेगाचा नव्हे, तर वेग व आयुष्य यांच्यातील समतोलाचा विचार केला जातो.