सांधा जोडण्याची विद्या

भिवंडीजवळच्या वळ गावी आज गोदामेच गोदामे आहेत. तिथल्या एखाद्या हमालाचा घोटा झिजला, की पाऊल टाकणे म्हणजे शिक्षाच. डॉक्टर म्हणतात, "सांधा कायमचा जोडून टाकू." हे ऐकून गडी घाबरतो. सांधा गेला म्हणजे पाय गेला, असे त्याला वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१८७९च्या सुमारास ऑस्ट्रियातील शल्यवैद्य एडुआर्ट आल्बर्ट यांनी एका मुलीच्या लुळ्या पायांचे सांधे जोडले ते तिला उभे करण्यासाठीच. पुढे पोलिओने अधू झालेल्या मुलांना या विद्येचा आधार मिळाला. १९५१ साली इंग्लंडात जॉन चार्नली यांनी हाडे एकमेकांवर दाबून धरण्याची रीत मांडली.

आता पाहा, कलम बांधताना साल खरवडावी लागते ना? तसेच हाडांवरची गुळगुळीत कूर्चा खरवडल्याविना हाडे जुळत नाहीत. पूर्वी त्यासाठी लांब चीर द्यावी लागे. १९८० नंतर मात्र बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून हे काम होऊ लागले. त्यामुळे कातडीला इजा कमी होते आणि रक्तपुरवठा राखला जातो. मग स्क्रूने हाडे आवळतात. पाऊल फारच वाकडे असेल, तर मात्र मोठी चीर द्यावी लागू शकते.

विडी ओढणाऱ्याचे हाड जुळायला अडते, हे गुरुजींनी गावात जरूर सांगावे. घोट्याची हालचाल जाते खरी. पण तिच्याबरोबर बहुधा वेदनाही जाते, आणि माणूस पुन्हा चालू लागतो.