कोपनहेगनचा थांबा, मुंबईचा मुक्काम

'मुक्काम' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 'मुसाफिर' तसाच, 'सफर'ही तशीच. मुक्काम म्हणजे रात्र काढायची, वळकटी सोडायची. थांबा म्हणजे चहापुरते खाली उतरायचे. विमानप्रवासाने या दोहोंच्या मधली एक तिसरीच गोष्ट आपल्या पदरात टाकली. एक विमान पोचलेले आणि दुसरे सुटायचे, यांच्या मधले सहा-आठ तास. धड थांबा नाही, धड मुक्काम नाही. या तासांचे करायचे काय?

बहुतेक मंडळी ते खुर्चीत पेंगून घालवतात. काही जण नेटाने बाहेर पडतात आणि धावत धावत दहा ठिकाणी फोटो काढून येतात. अमेरिकेतून परतताना मला असे आठ तास डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला मिळाले. शेंगेन व्हिसा पासपोर्टवर होता. तो नसेल तर आपल्याला विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. सामान थेट मुंबईला जाणार होते. आठातले दोन तास परतीच्या तपासणीला आणि एक जाण्यायेण्याला सोडला, तर हातात पाच उरत होते. मेट्रोने शहराचे मध्य पंधरा मिनिटांवर. तिथे पोचलेला प्रत्येक पाहुणा आधी समुद्रकाठच्या जलपरीकडे धावतो. १९१३ साली बसवलेला तो छोटासा पुतळा जगप्रसिद्ध आहे. मी मात्र ठरवले, की एकच धागा धरायचा आणि तो नेईल तिथेच जायचे. माझा धागा होता कार्स्टन नीबुर. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी हा माणूस याच शहरातून निघाला आणि मुंबईला येऊन पोचला.

पण नीबुरच्या आधी त्याला पाठवणारे घराणे पाहिले पाहिजे. मेट्रोच्या नॉरेपोर्ट स्थानकापासून जवळच एक गोल मनोरा आहे. १६४२ साली तो पुरा झाला. त्याला जिने जवळजवळ नाहीतच; विटांचा, गोल गोल चढत जाणारा दोनशे नऊ मीटरचा उतरंडीचा रस्ता आहे. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ मध्ये इथे घोड्यावरून वर गेला होता असे सांगतात. हा मनोरा बांधला चौथ्या ख्रिश्चन राजाने. याच राजाने १६१६ मध्ये डेन्मार्कची ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगमबाडीला किल्ला बांधायची परवानगी मिळवली. पुढे तंजावरला व्यंकोजीराजे भोसल्यांचे राज्य आले आणि डेनिश लोकांचे शेजारी मराठे झाले. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हे याच तरंगमबाडीच्या मिशनमधून आलेले.

मराठीचा आणखी एक ऋणानुबंध आहे. बंगालमधले श्रीरामपूर तेव्हा डेनिश वसाहत होते. इंग्रजांची कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देईना, तेव्हा विल्यम केरी १८०० साली डेन्मार्कच्या झेंड्याखाली येऊन राहिला. तिथल्या छापखान्यात १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण छापले गेले. पंडित वैजनाथ त्याच्या मदतीला होते. तरंगमबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी १८४५ मध्ये इंग्रजांना विकली गेली आणि हा सगळा संबंध आपण विसरून गेलो.

मनोऱ्यावरून उतरून दहा मिनिटे चालले, की एका बागेसमोर डेव्हिड नावाच्या वकिलाचे घर लागते. हा गृहस्थ १९६० मध्ये वारला. त्याच्या घरात आज इस्लामी कलेचा मोठा संग्रह आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सोमवारी मात्र दार बंद. मुघल आणि दख्खनी लघुचित्रे आहेत, इराणी फरशा आहेत. मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो चर्मपत्रावरच्या कुराणाच्या पानांपुढे. ती जुनी कूफी लिपी. अक्षरांना नुक्ते नाहीतच म्हणा ना. लहानपणी मक्तबात शिकलेली अक्षरे ती हीच का, असा प्रश्न पडला. मग एका ओळीत 'बिस्मिल्ला' सापडले. ते पाठ होते, त्यामुळे त्यातली अक्षरे कळली. आणि ती अक्षरे हातात धरून पुढचा एखाद-दुसरा शब्द उलगडला. जे पाठ आहे त्याच्या आधाराने जे अनोळखी आहे ते वाचायचे. ही युक्ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तिथून राजवाड्यांच्या चौकात गेलो. चार वाडे, मध्ये दगडी पटांगण आणि घोड्यावर बसलेला पाचवा फ्रेडरिक राजा. या पुतळ्याचा खर्च केला तो हिंदुस्थान आणि चीनशी व्यापार करणाऱ्या डेनिश एशियाटिक कंपनीने. आपल्याकडच्या कापडाचे आणि मिऱ्यांचे मोल या घोड्यात ओतले गेले आहे, असे म्हणायला हरकत नाही. या राजाला गटिंगेनचे प्राध्यापक मिखाएलिस यांनी सुचवले, की बायबलमध्ये येणारी झाडे, प्राणी, शब्द यांचा उलगडा व्हायचा असेल तर अभ्यासक अरबस्तानात पाठवावेत. राजाने सहा माणसे निवडली. फॉन हावेन हा भाषापंडित. पेटर फोर्सकोल हा लिनियसचा शिष्य, वनस्पती आणि प्राण्यांचा जाणकार. क्रामर डॉक्टर, बाउरेनफाइंड चित्रकार, बेर्गग्रेन नोकर. आणि नकाशे करायला नीबुर, एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याला प्राध्यापक ही पदवी देऊ केली होती, ती त्याने नको म्हटली. जानेवारी १७६१ मध्ये एका युद्धनौकेतून ही मंडळी निघाली. मिखाएलिससाहेबांची प्रश्नावली छापून झाली १७६२ साली, म्हणजे मंडळी निघून गेल्यावर!

मंडळींचे आपसात पटेना. इस्तंबूलला फॉन हावेनने बाजारातून सोमल विकत घेतला, तेव्हा हा आपल्याला विष घालणार अशी भीती बाकीच्यांना पडली. कैरोत वर्ष गेले. मग जेद्दामार्गे येमेन. युरोप ज्याला 'सुखी अरबस्तान' म्हणत असे तो हाच देश. तिथे हिवतापाने घाला घातला. मे १७६३ मध्ये मोखा बंदरात फॉन हावेन गेला, जुलैत यरीम गावी फोर्सकोल गेला. उरलेले मुंबईच्या जहाजावर चढले. ऑगस्टच्या अखेरीस भर समुद्रात चित्रकार आणि नोकर लागोपाठ दगावले. सप्टेंबरात मुंबईला उतरले ते दोघेच आणि दोघेही आजारी. फेब्रुवारी १७६४ मध्ये डॉक्टर क्रामरही मुंबईतच वारला. सहातला एक उरला.

हा एकटा, तापाने खंगलेला माणूस मुंबईत अडकला. हा त्याचा मुक्काम सव्वा वर्षाचा झाला. त्याने घरचे जहाज पाहून निघून जायचे, तर कुणी दोष दिला नसता. पण प्रकृती सुधारू लागली तसा तो हिंडू लागला, सुरतेला जाऊन आला. मुंबईची वस्ती त्याने १ लाख ४० हजार अंदाजली. आज इतिहासकार तो आकडा देतात. आणि घारापुरीला तो तीन वेळा गेला. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो तेव्हा बेटावरच उभा होता. १८१४ मध्ये तो ढासळला. पुन्हा जोडलेला हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. नीबुरने लेण्यांची मापे घेतली, आराखडा काढला, मूर्तींची चित्रे काढली. चित्रकार समुद्रात गेला होता, म्हणून चित्रकाराचे कामही त्यानेच केले. १७७८ साली त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात ही चित्रे छापली गेली आणि युरोपच्या अभ्यासकांपुढे घारापुरी मोजमापांसह आली.

डिसेंबर १७६४ मध्ये त्याने मुंबई सोडली. मस्कत, बुशहर, शिराझ अशी वाट धरून १७६५ च्या मार्चमध्ये तो इराणात पर्सेपोलिसच्या अवशेषांत पोचला. तिथल्या शिळांवरची खिळ्यांच्या आकाराची अक्षरे त्याने एकेक करून उतरवून घेतली. ही अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात आणि लिपी एक नसून तीन आहेत, हे त्याने ओळखले. त्यातला एक शब्दही त्याला कळत नव्हता. पण नक्कल इतकी चोख होती, की तिच्या आधारे १८०२ साली ग्रोटेफेंड या शाळामास्तराने ती लिपी फोडायला सुरुवात केली. कशी? इराणी राजे आपली बिरुदे कोणत्या साच्यात सांगतात हे त्याला ठाऊक होते: अमुक, महान राजा, राजांचा राजा, तमुकाचा पुत्र. त्या साच्यात दारयुश आणि झर्क्सिस ही नावे बसली. जे ठाऊक आहे त्याच्या आधाराने अनोळखी वाचायचे, ती युक्ती हीच.

नोव्हेंबर १७६७ मध्ये नीबुर कोपनहेगनला परतला. ज्याने पाठवले तो राजा १७६६ मध्येच वारला होता. स्वागताची कुणाला घाई नव्हती. नीबुरने काय केले? स्वतःचे ग्रंथ लिहिलेच, पण फोर्सकोलचे कागद जुळवून त्याचे ग्रंथही १७७५ साली त्याच्याच नावाने छापून आणले. म्हातारपणी नीबुरची दृष्टी गेली; १८१५ मध्ये तो वारला.

माझा शेवटचा टप्पा होता बंदरकाठचे राजग्रंथालय. १९९९ पासून त्याला काळ्या चकचकीत दगडाची नवी इमारत आहे; लोक तिला 'काळा हिरा' म्हणतात. फॉन हावेनने खरेदी केलेली हस्तलिखिते याच ग्रंथालयाच्या पोटात आहेत. ती काही वाटसरूला दिसत नाहीत, आणि मला ती पाहायचीही नव्हती. सोमलाची पुडी घेणारा, भांडखोर म्हणून बदनाम झालेला तो पंडित. त्याने जमवलेली पुस्तके मात्र सुखरूप पोचली आणि अजून वाचली जातात, एवढे मनाशी म्हणण्यासाठी मी त्या दारात गेलो. फोर्सकोलने झाडाच्या पानांसारखे चपटे करून वाळवलेले मासेही याच शहरात जपून ठेवले आहेत. पाच जण वाटेत संपले. त्यांचे काम मात्र घरी आले, कारण सहाव्याने ते सोडून दिले नाही.

थांबा लहान की मोठा याला फारसा अर्थ नसतो. पाच तासांत शहर पाहून होत नाही, पण एक माणूस नीट भेटू शकतो. तेवढ्यासाठी जाण्यापूर्वी एखादे पुस्तक वाचलेले असावे, पायांत चांगले बूट असावेत आणि दहातली नऊ ठिकाणे सोडून देण्याची तयारी असावी.

आणि आपण मुंबईकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले रोजचे गाव हे कुणाच्या तरी सफरीतला मुक्काम असते. तापातून उठलेला, सोबती गमावलेला एक परका माणूस होडीत बसून तीनदा घारापुरीला गेला. गेटवेपासून लाँचने ती तासाभराच्या वाटेवर आहे. जन्मभर मुंबईत राहूनही तिथे एकदासुद्धा न गेलेली माणसे आपल्या ओळखीत किती, हे मोजून पाहावे. मग पुढच्या रविवारचा विचार आपोआप सुचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)