सिनसिनाटी : पाच वेळा विचारलेला एकच प्रश्न

सप्टेंबर १९५७ च्या अखेरीस अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सिनसिनाटी शहरात एक विशेष मतदान झाले. उमेदवार कोणीच नव्हता. मतपत्रिकेवर होती ती शहराच्या सनदेतील एक दुरुस्ती. नगर परिषदेचे सदस्य निवडण्याची बत्तीस वर्षे चालत आलेली पद्धत ठेवायची की मोडायची, एवढाच प्रश्न होता. याच शहराने हा प्रश्न त्याआधी चार वेळा ऐकला होता आणि चारही वेळा ‘मोडू नका’ असे उत्तर दिले होते.

आधी ‘सनद’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील अनेक शहरांना स्वतःची छोटी राज्यघटना असते. परिषद किती सदस्यांची, महापौर कोण निवडणार, कर कसा बसणार, हे त्या दस्तऐवजात लिहिलेले असते. आपल्याकडे महानगरपालिकेचा कायदा राज्याचे विधिमंडळ करते. ओहायोत १९१२ च्या घटनादुरुस्तीने हा अधिकार थेट शहरांना मिळाला. सनद बदलण्याची वाटही खुली ठेवली गेली. परिषदेच्या दोन तृतीयांश सदस्यांनी ठरवले किंवा दहा टक्के मतदारांनी अर्जावर सह्या केल्या की दुरुस्ती मतदानाला जाते आणि साध्या बहुमताने मंजूर होते.

हे दार दोन्ही बाजूंना उघडते. पुढची सारी कथा या एका गोष्टीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिनसिनाटीवर जॉर्ज कॉक्स या माणसाची सत्ता होती. मूळचा तो दारूच्या गुत्त्याचा मालक. तो महापौर कधीच नव्हता, पण नगरपालिकेतील नोकरी, कंत्राट, उमेदवारी त्याच्या शब्दावाचून मिळत नसे. रिपब्लिकन पक्षाची ही यंत्रणा वॉर्डावॉर्डांत रुजली होती. १९१६ मध्ये कॉक्स वारला आणि सूत्रे रुडॉल्फ हिनिका याच्याकडे गेली. हिनिकाचा नाटकधंदा न्यूयॉर्कमध्ये होता, त्यामुळे तो बहुधा तिथेच राहत असे. ओहायोतील एक मोठे शहर दुसऱ्या राज्यात बसलेला माणूस चालवत होता, आणि तेही कोणत्याही पदावर नसताना!

१९२० च्या दशकाच्या आरंभी परिषदेत ३२ सदस्य होते : २६ वॉर्डांतून, ६ संपूर्ण शहरातून. त्यांपैकी ३१ एकाच पक्षाचे. याचा अर्थ शहरातील ३१ बत्तीसांश लोक त्या पक्षाचे होते असा मुळीच नाही. प्रत्येक वॉर्डात निम्म्याहून थोडी अधिक मते पुरत. उरलेली मते वाया जात. वॉर्डपद्धतीचे हे गणित महाराष्ट्रातल्या वाचकाला नवे नाही.

ऑक्टोबर १९२३ मध्ये मरे सीझनगुड या वकिलाने एका सभेत शहराच्या कारभारावर कडाडून टीका केली आणि प्रस्तावित जादा कराला विरोध केला. तो स्वतः रिपब्लिकनच होता, त्यामुळे घाव वर्मी बसला. पुढच्याच महिन्यात मतदारांनी तो कर फेटाळला.

याच सुमारास ‘पक्षीविरहित मतपत्रिका संघ’ अशा विचित्र नावाची एक संघटना उभी राहिली. ओहायोच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकनांच्या रकान्यावर गरुड आणि डेमोक्रॅटांच्या रकान्यावर कोंबडा छापलेला असे. पक्ष्याखाली एक खूण केली की पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत जाई. नावे वाचण्याचेही कारण उरत नसे. नगराच्या निवडणुकीतून हे पक्षी उडवून लावा, एवढीच त्या संघाची मागणी. पुढे हेन्री बेंटली आदी मंडळींचा हा संघ आणि इतर सुधारक मिळून ‘नगर सनद समिती’ झाली.

नोव्हेंबर १९२४ मध्ये समितीने सनददुरुस्ती मतदानास ठेवली आणि ती दोनास एक याहून मोठ्या फरकाने मंजूर झाली. ३२ ऐवजी ९ सदस्य, वॉर्ड रद्द, मतपत्रिकेवर पक्षचिन्ह नाही, कारभारासाठी व्यावसायिक नगर व्यवस्थापक, आणि निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, म्हणजे एकल संक्रमणीय मताने.

ही शेवटची संज्ञा जड वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीच्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत ‘कोटा’ आणि ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द येतात ना, तीच ही पद्धत. आपल्याकडे ती प्रामुख्याने आमदारांच्या हाती असते. सिनसिनाटीत ती सामान्य मतदाराच्या हाती होती. मतदार नावांपुढे १, २, ३ असे क्रम लिही. समजा ९०,००० वैध मते पडली आणि जागा ९ आहेत. तर ९०,००० भागिले १० अधिक १, म्हणजे ९,००१ हा कोटा. तेवढी मते मिळाली की उमेदवार विजयी. त्याची जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातात. तळाचा उमेदवार बाद होतो, त्याची मतेही पुढे सरकतात.

परिणाम असा की दहाव्या हिश्श्याहून किंचित मोठा आणि एकजूट असलेला कोणताही गट एक जागा मिळवू शकतो. बहुमत असलेल्याला बहुमत मिळतेच. सर्वच्या सर्व जागा मात्र मिळत नाहीत.

१९२५ च्या पहिल्याच निवडणुकीत सनद समितीने ९ पैकी ६ जागा जिंकल्या. सीझनगुड महापौर झाला. नगर व्यवस्थापक म्हणून क्लॅरेन्स शेरिल हा लष्करी अभियंता आला. कंत्राटे आणि नोकऱ्या यंत्रणेच्या हातून निसटल्या. पुढची तीन दशके परिषदेत दोन्ही बाजू जवळपास तुल्यबळ राहिल्या. माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांचा धाकटा मुलगा चार्ल्स सनद समितीचा आधारस्तंभ होता, तर थोरला मुलगा रॉबर्ट हा रिपब्लिकन पक्षाचा देशपातळीवरचा पुढारी. एकाच घरात दोन तंबू.

यंत्रणेने हार मानली नव्हती. १९३६, १९३९, १९४७ आणि १९५४ अशी चार वेळा निवडणूकपद्धत रद्द करणारी दुरुस्ती मतदानाला आली. १९३९ मध्ये तर पद्धत अगदी थोडक्यात वाचली.

विरोधकांचे सगळेच आक्षेप खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. मोजणीला कित्येक दिवस लागत. कोणाचे मत शेवटी कुठे पोचले हे सामान्य माणसाला सांगता येत नसे. जास्तीची मते पुढे पाठवताना गठ्ठ्यातील ठरावीक क्रमांकाच्या मतपत्रिका उचलल्या जात, त्यामुळे थोडा नशिबाचा भाग उरे. आपल्या गल्लीचा नगरसेवक कोण, या प्रश्नालाही नेमके उत्तर नव्हते. या आक्षेपांवर वाद होऊ शकत होता आणि तो झालाही. चार वेळा ऐकून मतदारांनी ते फेटाळले.

मात्र दोन्ही बाजूंचे गणित समान नव्हते. रद्द करू पाहणाऱ्यांना एकदाच जिंकायचे होते. राखू पाहणाऱ्यांना दर वेळी. हरलेला पक्ष काही वर्षांनी पुन्हा सह्या गोळा करी, आणि समितीच्या स्वयंसेवकांना पुन्हा दारोदार फिरून तेच सारे समजावून सांगावे लागे. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. शेजारच्या क्लीव्हलँडमध्ये दहा वर्षांत पाच वेळा असे मतदान घेतले गेले आणि पाचव्या वेळी १९३१ मध्ये पद्धत गेली. न्यूयॉर्कने ही पद्धत १९३६ मध्ये स्वीकारली. तिथे परिषदेवर दोन कम्युनिस्ट निवडून आले आणि शीतयुद्धाच्या पहिल्या थंडीत, १९४७ मध्ये, तेवढे कारण ती मोडायला पुरले. सिनसिनाटीत कम्युनिस्ट नव्हते. तिथे कारण वेगळे सापडले.

१९३१ मध्ये फ्रँक हॉल हे परिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. पुढे जेसी लॉकर आले. १९५३ मध्ये ते लायबेरियात अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले. हे दोघेही रिपब्लिकन होते. आणि १९४९ मध्ये सनद समितीच्या बाजूने निवडून आले थिओडोर बेरी.

बेरी १९०५ मध्ये केंटकी राज्यात जन्मले आणि सिनसिनाटीत गरिबीत वाढून वकील झाले. १९३२ ते १९४६ या काळात ते नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. १९४५ मध्ये कृष्णवर्णीय वैमानिकांनी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या राखीव क्लबात प्रवेश केला म्हणून त्यांच्यावर लष्करी खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी बेरी उभे राहिले होते.

१९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख होती आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण साडेपंधरा टक्के. कोट्याचे गणित आठवा. एवढ्या लोकांना एक जागा मिळणे हा उपकार नव्हता. तो साधा भागाकार होता. बेरींना काही गोऱ्या मतदारांच्या पसंतीही मिळत.

१९५५ मध्ये समितीला बहुमत मिळाले. चार्ल्स टाफ्ट महापौर झाले, बेरी उपमहापौर. त्या काळी महापौर थेट जनतेतून निवडला जात नसे, परिषदच आपल्यातून निवडी. त्यामुळे पुढचा महापौर बेरी असू शकतो, ही शक्यता कुणालाही बोटावर मोजता येत होती.

टाफ्ट यांच्या कारकिर्दीत ‘फॉर्च्यून’ मासिकाने सिनसिनाटीला देशातील सर्वांत उत्तम कारभार असलेले मोठे शहर ठरवले होते. कारभार वाईट आहे म्हणून पद्धत बदला, असे म्हणण्याची सोयच उरली नव्हती.

मग पाचव्या वेळी मोहीम कशावर चालली? मोजणी किचकट आहे, हे जुने मुद्दे होतेच. पण गोऱ्या वस्त्यांमध्ये एक वेगळाच प्रश्न फिरू लागला : तुम्हाला कृष्णवर्णीय महापौर हवा आहे का? दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबे येत होती, वस्त्यांच्या सीमा हलत होत्या, घराच्या किमतीची धास्ती होती. त्या धास्तीला एक नाव मिळाले आणि ते नाव बेरींचे होते. मतपत्रिकेवर मात्र वंशाचा उल्लेख असण्याचे काहीच कारण नव्हते. तिथे फक्त मतमोजणीच्या पद्धतीतील एक दुरुस्ती होती, तटस्थ आणि कोरडी.

दुरुस्ती सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाली. अभ्यासकांच्या मते गोऱ्या मतदारांनी दोनास एक या प्रमाणात ती उचलून धरली. कृष्णवर्णीय मतदारांनी प्रचंड बहुमताने विरोध केला. मतदान विशेष निवडणुकीत, नोव्हेंबरच्या परिषद निवडणुकीच्या जेमतेम महिनाभर आधी झाले होते. नवा नियम लगेच लागू झाला.

नव्या नियमात प्रत्येक मतदाराला नऊ मते, आणि सर्वाधिक मतांचे नऊ उमेदवार विजयी. दिसायला हे सोपे आणि उदार आहे. पण शहरातील मोठ्या गटाने आपली नऊ मते नऊ आवडत्यांना दिली तर दहाव्याला काही उरत नाही. पूर्वी दहावा हिस्सा पुरत असे. आता शहरभर सर्वांना चालेल असाच माणूस हवा. उपमहापौर बेरी चौदाव्या क्रमांकावर फेकले गेले. महापौरपद रिपब्लिकन डोनाल्ड क्लॅन्सी यांच्याकडे गेले.

त्यानंतर लगेचच शहराच्या वेस्ट एंड भागातील केनियन-बार वस्ती पाडण्याचे काम सुरू झाले. सुमारे २५ हजार लोक विस्थापित झाले. बहुतेक सारे कृष्णवर्णीय. निवडणूकपद्धत बदलली म्हणून हे घडले, असे म्हणणे चूक ठरेल. त्या पुनर्विकासाची बीजे १९४८ च्या शहर आराखड्यातच होती, म्हणजे जुनी पद्धत चालू असतानाची. फरक एवढाच की घरांवर हातोडा पडू लागला, तेव्हा त्या घरांतील लोकांनी निवडलेला माणूस परिषदेच्या टेबलावर नव्हता.

दोन डझनांच्या आसपास अमेरिकन शहरांनी ही पद्धत कधी ना कधी स्वीकारली होती. १९६२ पर्यंत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज तेवढे उरले. गंमत अशी की केंब्रिजमध्ये जास्तीची मते पुढे पाठवण्याची जी रीत अनेक दशके चालत आली, तिला ‘सिनसिनाटी पद्धत’ म्हणतात. खुद्द सिनसिनाटीत ती परत आणण्यासाठी १९८८ आणि १९९१ मध्ये पुन्हा सनददुरुस्ती मतदानाला ठेवली गेली. दार तेच होते, या वेळी ठोठावणारे वेगळे. दोन्ही प्रयत्न फसले.

बेरी १९६३ मध्ये परिषदेत परतले, मग राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेत काम करण्यासाठी वॉशिंग्टनला गेले आणि १९७१ मध्ये पुन्हा परिषदेत आले. १९७२ मध्ये परिषदेने त्यांना महापौर निवडले. सिनसिनाटीचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. ज्या शक्यतेला घाबरून शहराने आपली सनद बदलली होती, ती पंधरा वर्षांनी खरी झाली. तेव्हा बेरी ६७ वर्षांचे होते.