बाबर, ललिता शिवाजी

बाबर, ललिता शिवाजी : (२ जून १९८९). मध्यम व लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटू. ३,००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीतील २०१५ सालच्या आशियाई विजेत्या आणि रिओ दी जानेरो ऑलिंपिकमधील (२०१६) अंतिम फेरीच्या स्पर्धक. त्यांचा जन्म सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही या गावी शेतकरी कुटुंबात झाला. मराठी वृत्तपत्रांनी त्यांना ‘माणदेशी एक्स्प्रेस’ हे नाव दिले. पी. टी. उषा यांची ‘पय्योली एक्स्प्रेस’ झाली तेव्हापासून नावारूपाला आलेल्या धावपटूच्या गावाला एखादी गाडी जोडून देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ झाल्या, आसामची हिमा दास ‘ढिंग एक्स्प्रेस’. बाबर यांनाही हे नाव शोभते, कारण त्यांनी नोकरीही रेल्वेतच केली.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि पूर्वेला माण-खटावची पर्जन्यछाया. दहिवडी, म्हसवड, शिखर शिंगणापूर हा सगळा टापू कुसळी माळरानांचा, मेंढरांचा आणि खिल्लार जनावरांचा. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी पडली होती. अशा गावात वाढलेल्या मुलीच्या नशिबी पुढे नेमकी पाण्याच्या खड्ड्यात उडी घेण्याची शर्यत यावी, याचे लिहिणाऱ्यांना मोठे अप्रूप वाटत आले आहे. परंतु दुष्काळाने धावपटू घडत नाहीत. तसे असते तर प्रत्येक ऑलिंपिकच्या संघात माणदेशातली दहा-बारा नावे दिसली असती. बाबर यांच्या घडणीत अनवाणी बालपणाइतकाच वाटा शालेय मैदानावरील शिक्षकांचा, रेल्वेच्या पगाराचा आणि एका अतिशय कडक परदेशी प्रशिक्षकाचा आहे.

शालेय वयातच त्या लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या. २००५ साली पुण्यात झालेल्या वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी पहिले सुवर्णपदक मिळवले. तिथून पुढची आठ-नऊ वर्षे क्रॉस कंट्री, ट्रॅकवरच्या लांब शर्यती आणि रस्त्यावरच्या स्पर्धा अशी गेली. नाव सर्वतोमुखी झाले ते मुंबई मॅरेथॉनमुळे. या स्पर्धेत भारतीय महिलांच्या गटात त्यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक पटकावला. जानेवारीतला रविवार, पेडर रोडचा चढ, दुतर्फा उभी गर्दी आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावरचे छायाचित्र. एखाद्या रेल्वे कर्मचारी धावपटूने इथेच समाधान मानले असते तरी त्यात वावगे काही नव्हते. रस्त्यावरच्या शर्यतीत बक्षिसाची रक्कमही बरी असते.

बाबर यांनी नेमक्या याच वळणावर शर्यत बदलली. मॅरेथॉनमध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पदक आवाक्याबाहेर होते, स्टीपलचेसमध्ये ते दिसत होते. पंचविशीच्या उंबरठ्यावर ४२ किलोमीटर सोडून तीन किलोमीटरवर येणे, तेही अडथळ्यांसकट, हा धाडसाचा हिशेब होता.

ही शर्यत ‘अडथळ्यांची शर्यत’ या नावाने ओळखली जाते खरी; पण ११० किंवा ४०० मीटरच्या हर्डल्सशी तिची गल्लत होऊ नये. हर्डलला पाय लागला की ते पडते आणि धावपटू पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे आडवा टाकलेला जाडजूड लाकडी ओंडका. तो हलत नाही. पडतो तो धावणारा. महिलांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. ३,००० मीटरमध्ये असे २८ अडथळे ओलांडावे लागतात आणि शिवाय सात वेळा पाण्याची उडी. या उडीत अडथळ्याच्या पलीकडे पाण्याने भरलेला उतरता खड्डा असतो, अडथळ्यालगत सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. बहुतेक धावपटू ओंडक्यावर पाय ठेवून स्वतःला पुढे झोकून देतात. उडी जितकी लांब, तितके पाणी कमी आणि दमछाकही कमी. पहिल्या दोन फेऱ्यांत हे सोपे वाटते. शेवटच्या दोन फेऱ्यांत बूट भिजून जड झालेले असतात, मांड्या भरून आलेल्या असतात आणि ओंडका मात्र तेवढ्याच उंचीवर असतो. महिलांसाठी ही शर्यत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००५ साली आणि ऑलिंपिकमध्ये २००८ साली आली. म्हणजे बाबर यांनी तिला हात घातला तेव्हा जगातच ती तशी नवी होती.

भारतात मात्र या शर्यतीची सम्राज्ञी आधीच ठरलेली होती. उत्तर प्रदेशच्या सुधा सिंग यांनी २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ९ मिनिटे ५५.६७ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले होते. राष्ट्रीय विक्रमही त्यांच्याच नावावर होता. बाबर आल्या त्या थेट त्यांच्या अंगणात. दोघींचे प्रशिक्षक एकच होते, बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. कविता राऊत व प्रीजा श्रीधरन यांनी ग्वांगझूत १०,००० मीटरमध्ये मिळवलेल्या पदकांमागेही तेच होते. उटीच्या थंड, उंच हवेतील सराव शिबिरे, रोजच्या किलोमीटरांचा चोख हिशेब आणि कोणाचीही ढवळाढवळ खपवून न घेण्याचा स्वभाव अशी त्यांची ख्याती होती. २०१९मध्ये ते भारतातून परतले, पुन्हा बोलावल्यावर आले आणि मार्च २०२१मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतच त्यांचे निधन झाले.

सप्टेंबर २०१४मधील इंचॉन आशियाई स्पर्धेतील शर्यतीचा निकाल या दोघींच्या चुरशीचा दस्तऐवजच आहे. बहारीनची रूथ जेबेट ९:३१.३६ वेळेत पहिली आली. चीनची ली झेनझू ९:३५.२३, ललिता बाबर ९:३५.३७, सुधा सिंग ९:३५.६४. रौप्य, कांस्य आणि रिकामे हात यांच्यात मिळून अर्ध्या सेकंदाचेही अंतर नव्हते. त्यातच जेबेटने धावपट्टीच्या आत पाऊल टाकल्याच्या कारणावरून तिला आधी बाद ठरवले गेले. त्यामुळे थोडा वेळ बाबर रौप्यपदकाच्या आणि सिंग कांस्यपदकाच्या मानकरी झाल्या. नंतर तो निर्णय फिरला. अंतिम नोंदीत बाबर यांच्याकडे कांस्यपदक आणि नवा राष्ट्रीय विक्रम राहिला. सिंग यांनीही जुना विक्रम मागे टाकला होता, पण त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

मॅरेथॉन पूर्ण सुटली नव्हती. जानेवारी २०१५च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये बाबर पुन्हा उतरल्या. त्या वेळी ओ. पी. जैशा २ तास ३७ मिनिटे २९ सेकंदांत पहिल्या आल्या आणि बाबर २:३८:२१ वेळेसह दुसऱ्या. चौथे विजेतेपद हुकले; मात्र ही वेळ त्यांच्या आदल्या वर्षीच्या विजयी वेळेपेक्षा बारा मिनिटांनी सरस होती. म्हणजे स्टीपलचेसच्या सरावाने मॅरेथॉनही सुधारली होती. विजेतेपदे मोजणाऱ्या याद्यांत ही धाव दिसत नाही, हे खटकते.

त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधील वुहान येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी ९:३४.१३ वेळ देत सुवर्णपदक जिंकले. हा राष्ट्रीय विक्रम होता, स्पर्धेचा विक्रमही होता आणि रिओची पात्रताही त्यातच मिळाली. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्राथमिक फेरीतच ९:२७.८६ असा आणखी एक राष्ट्रीय विक्रम नोंदवून त्या अंतिम फेरीत पोचल्या. या शर्यतीच्या जागतिक अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. अंतिम फेरीत त्या आठव्या आल्या.

२०१६चा उन्हाळा विक्रमांच्या पळवापळवीत गेला. दिल्लीतील फेडरेशन चषक स्पर्धेत बाबर यांनी ९:२७.०९ वेळ दिली. काही दिवसांतच, मे महिन्यात, शांघायला सुधा सिंग यांनी ९:२६.५५ वेळ नोंदवून विक्रम परत आपल्याकडे नेला. एकीने काढायचे आणि दुसरीने ओलांडायचे असे हे दोन वर्षे चालले होते. दोघींपैकी एकीच्याच कारकिर्दीची नोंद लिहायला बसले की दुसरीचे नाव दर परिच्छेदात येते ते यामुळेच.

१३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या प्राथमिक फेरीत बाबर आपल्या गटात चौथ्या आल्या. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता, उरलेल्या जागा वेळेवर भरायच्या होत्या. बाबर यांची वेळ होती ९ मिनिटे १९.७६ सेकंद. सिंग यांच्या शांघायच्या विक्रमापेक्षा जवळजवळ सात सेकंद कमी. किलोमीटरला सरासरी तीन मिनिटे सात सेकंद, आणि तेही पस्तीस वेळा उडी मारून. वर्षभरापूर्वी बीजिंगला जागतिक विजेतेपद मिळवताना केनियाच्या हायविन कियेंगने ९:१९.११ वेळ दिली होती. अर्थात ती अंतिम फेरी डावपेचांची, शेवटच्या फेरीत वेग धरण्याची होती. तिथे बाबर असत्या तर पदक मिळालेच असते असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही घड्याळापुरते बोलायचे तर हे अंतर पाऊण सेकंदाहूनही कमी होते.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ‘३२ वर्षांनंतर’ हे शब्द मथळ्यात होते. १९८४ साली लॉस एंजेलिसला उषा ४०० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावल्या होत्या, त्यानंतर ट्रॅकवर भारतीय कोणी अंतिम फेरी गाठली ती बाबर यांनीच, असा त्याचा आशय. त्यात एक दुरुस्ती हवी. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताचा महिला ४ × ४०० मीटर रिले संघ अंतिम फेरीत होता आणि सातवा आला होता. तेव्हा ‘वैयक्तिक शर्यतीत’ हे दोन शब्द जोडल्याशिवाय ते विधान बरोबर ठरत नाही. ते जोडल्यावरही त्याचे मोल काही कमी होत नाही.

अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. भारतात तेव्हा संध्याकाळ होती. इंचॉनला पहिली आलेली जेबेट इथेही पुढे होती, तिने ८:५९.७५ वेळेत सुवर्णपदक जिंकले. बाबर ९:२२.७४ वेळेसह दहाव्या आल्या. दोघींत तेवीस सेकंदांचे अंतर पडले. इंचॉनला ते अवघे चार सेकंदांचे होते. दोन वर्षांत बाबर बारा-पंधरा सेकंदांनी सुधारल्या आणि जेबेट बत्तिसाने, हे त्या काळातील या शर्यतीचे वास्तव. पुढे जेबेट उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात निलंबित झाली. ते निलंबन तिच्या नंतरच्या काळातील चाचणीसंबंधीचे असल्याने रिओचे किंवा इंचॉनचे निकाल बदलले नाहीत.

२०१६ सालचा अर्जुन पुरस्कार बाबर यांना मिळाला. त्यानंतर मात्र त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसल्या नाहीत. २०१७च्या भुवनेश्वर आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले ते सुधा सिंग यांनी. म्हणजे इंचॉनपासून रिओपर्यंतची जेमतेम दोन वर्षे, एवढाच या शर्यतीच्या शिखरावरचा बाबर यांचा काळ. एवढ्या थोड्या काळात एवढे काही घडल्याचे उदाहरण भारतीय ॲथलेटिक्समध्ये विरळा. सत्ताविसाव्या वर्षी, ऐन भरात असताना ही वाटचाल थांबली, याची चुटपुट क्रीडारसिकांना राहणारच.

महाराष्ट्र शासनाने गुणवंत खेळाडूंना थेट नियुक्ती देण्याच्या धोरणानुसार त्यांची उपजिल्हाधिकारी पदासाठी निवड केली. परिविक्षाकाळात त्यांनी रायगड जिल्ह्यातील माणगावच्या तहसीलदार म्हणून काम पाहिले. सातबारा, दाखले आणि अतिवृष्टीचे पंचनामे असा तिथला दिनक्रम. माणच्या माणसाला पावसाचा पंचनामा करावा लागणे हा योगायोग कोणाच्याही लक्षात यावा असाच. २०२२ साली त्यांच्या जीवनावरील मराठी चित्रपटाची घोषणा झाली, त्यात त्यांच्या भूमिकेसाठी अमृता खानविलकर यांचे नाव जाहीर झाले.

स्टीपलचेसची मराठी मुलखातील पुढची कहाणी बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातून आली. मांडव्याचे अविनाश साबळे यांनी पुरुषांच्या गटात २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, २०२३च्या हांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. आष्टीही पाण्याच्या टँकरची वाट पाहणारा तालुका.

बाबर यांचा ९:१९.७६ हा विक्रम सात वर्षे टिकला. ऑगस्ट २०२३मध्ये बुडापेस्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उत्तर प्रदेशच्या पारुल चौधरी यांनी ९:१५.३१ वेळेत तो मोडला. ती शर्यत मात्र अंतिम फेरीची होती. पारुल तीत अकराव्या आल्या.